मिरचीला तिचे नाव मिळावे

मराठी माणसाला मिरची परकी वाटत नाही. भाकरीवरचा ठेचा, आमटीतील फोडणी, उन्हाळ्यात वाळत घातलेल्या सांडगी मिरच्या, दृष्ट काढण्यासाठी चुलीत टाकलेल्या तिखट मिरच्या, इतक्या ठिकाणी तिचा वावर आहे की, ती या मातीतच जन्मली असावी असे वाटावे. वस्तुस्थिती मात्र वेगळी आहे. मिरचीचे मूळ घर अमेरिका खंडातले. कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीनंतर ती युरोपास कळली, आणि पोर्तुगीजांच्या जहाजांतून गोव्याच्या किनाऱ्याला लागली. तिच्या आधी भारताच्या स्वयंपाकघरात तिखटपणाचे काम मिरी करीत असे. म्हणून या नव्या पाहुणीलाही लोकांनी मिरीवरूनच नाव दिले. अशा रीतीने मिरची ही स्वतःच समुद्र ओलांडून आलेली स्थलांतरित आहे, आणि समुद्र ओलांडलेल्या लोकांनी तिला जन्मभर साथ द्यावी हे एका अर्थी स्वाभाविकच होय.

२ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलास’ जहाजातून ३६ मजूर मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात उतरले, आणि गिरमिटाचे ते प्रदीर्घ पर्व सुरू झाले. पुढे मुंबई बंदरातून रत्नागिरी आणि आसपासच्या भागांतील मराठी कुटुंबेही त्याच वाटेने गेली. जहाजावरील शिध्याच्या सरकारी तक्त्यांत तांदूळ, डाळ व मीठ यांबरोबर हळद व मिरची यांसारख्या जिनसांची नोंद असे. उसाच्या मळ्यांवर मिळणारा शिधा तांदूळ, डाळ, तेल आणि मीठ एवढ्यावरच सहसा संपे. त्या कोरड्या अन्नाला चव देण्याचे काम झोपडीमागच्या वाफ्यातील मिरचीने केले. आजही मॉरिशसच्या क्रिओल भाषेत ‘गातो पिमां’ म्हणून ओळखले जाणारे डाळीचे मिरचीवडे आणि ‘माझावारू’ हा वाटलेल्या मिरचीचा ठेचा त्या काळाची साक्ष देतात. त्याच घराण्यांतील पुढच्या पिढ्या १९६० नंतरच्या काळात परिचारिका, कामगार आणि विद्यार्थी म्हणून इंग्लंडात आल्या, तेव्हा बरोबर आणलेल्या डब्यांत तिखटाची पुरचुंडी हटकून असे.

वाफ्यातील मिरची डोळ्यांना दिसत असे. ती किती घालावयाची, कोणाच्या पानात घालावयाची आणि कोणाच्या पानातून वगळावयाची, हे घरची गृहिणी ठरवीत असे. ब्रिटनमध्ये आज मिरची फार मोठ्या प्रमाणात पोटात जाते ती बंद पाकिटांतून, डब्यांतून आणि बाटल्यांतून. आणि तेथे ती किती आहे हे तर राहोच, ती आहे की नाही हेसुद्धा खाणाऱ्याला प्रत्येक वेळी कळत नाही. मिरची चांगली की वाईट हा वाद जुना असून निष्फळ आहे. विचार करण्याजोगा प्रश्न एवढाच की, जी वस्तू माणूस खातो तिचे नाव त्याला सांगितले जावे की नाही.

मिरचीचा संचार किती दूरवर झाला आहे याची अनेकांना कल्पना नसते. ‘करी’ अशी पाटी मिरविणाऱ्या पदार्थात ती असणार हे कोणीही ओळखील. परंतु सॉसेज, मांसाचे पाय, सॅलडवर ओतावयाची ड्रेसिंगे, टोमॅटोच्या रसातील डबाबंद घेवडा, पिझ्झा, सूप, बटाट्याच्या कुरकुरीत कापांवरची भुकटी, अशा साध्यासुध्या इंग्रजी पदार्थांतही ती अनेकदा असते. कधी ती तिखटासाठी येते, तर कधी केवळ रंगासाठी. लाल मिरचीच्या अर्कापासून काढलेला रंग ‘ई १६०सी’ या क्रमांकाने ओळखला जातो, आणि वेष्टनावर ‘पॅप्रिका एक्स्ट्रॅक्ट’ असे त्याचे नाव येते. पॅप्रिका म्हणजे मिरचीच्याच कुळातील सौम्य फळाची पूड, हे पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. कर्नाटकातील ब्याडगी मिरची महाराष्ट्राच्या घराघरात तिच्या गडद रंगासाठी प्रिय आहे. त्याच गुणामुळे तिच्यापासून रंगाचा अर्क काढण्याचा मोठा उद्योग उभा राहिला. धारवाड-हावेरीकडची मिरची अशा रीतीने लंडनच्या एखाद्या मुलाच्या डब्यात पोहोचते, आणि त्या मुलाच्या आईला तिची वार्ताही नसते.

या अज्ञानाची किंमत काय असते ते २००५ साली साऱ्या ब्रिटनने पाहिले. त्या वर्षी १८ फेब्रुवारी रोजी फूड स्टँडर्ड्स एजन्सी या सरकारी संस्थेने साडेतीनशेहून अधिक खाद्यपदार्थ दुकानांतून काढून घेण्याचे जाहीर केले. थोड्याच दिवसांत ही संख्या चारशेच्या पुढे गेली. कारण एकच होते. प्रीमियर फूड्स या कंपनीच्या क्रॉस अँड ब्लॅकवेल वूस्टर सॉसमध्ये वापरलेल्या तिखटात ‘सुदान-१’ नावाचा लाल रंग आढळला होता. हा रंग मेण, पॉलिश, तेले यांसारख्या वस्तूंना देण्यासाठी असतो. प्राण्यांवरील प्रयोगांत त्याचा कर्करोगाशी संबंध दिसल्याने अन्नात तो घालण्यास मनाई आहे. जुन्या, फिक्या पडलेल्या तिखटाला ताज्या मिरचीची लाली यावी एवढ्यासाठी कोणीतरी तो मिसळला होता. भेसळीचा हा शोधही ब्रिटनमध्ये लागला नाही. इटलीस गेलेल्या सॉसची तेथील प्रयोगशाळेत तपासणी झाली, तेव्हा तो उघडकीस आला.

या प्रकरणातील दोन गोष्टी विशेष लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली अशी की, फ्रान्समधून मिळालेल्या इशाऱ्यानंतर जून २००३ मध्येच युरोपीय संघाने आयात तिखटाबरोबर ‘सुदान-१’ नसल्याचा दाखला आवश्यक केला होता. परंतु दोषी तिखट त्याआधी, २००२ साली, भारतातून या देशात येऊन पोहोचले होते. मिरचीपूड लवकर नासत नाही, सॉस तर त्याहून टिकतो. त्यामुळे नियम दारात उभा राहिला तेव्हा भेसळ आधीच घरात शिरून बसली होती. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. काढून घेतलेल्या पदार्थांत शेफर्ड्स पाय आणि कॉटेज पाय यांसारखे, ज्यांत मिरची असेल अशी शंकाही कोणाला येऊ नये, असे पदार्थ होते. मिरची तिखटात, तिखट सॉसमध्ये, आणि सॉस पायमध्ये, अशी ही एकात एक बसणाऱ्या डब्यांची उतरंड होती. त्या वेळच्या नियमानुसार एखादा मिश्र घटक पदार्थाच्या २५ टक्क्यांहून कमी असेल, तर त्याच्या पोटातील जिनसा लिहिण्याचे बहुधा बंधन नसे. म्हणून सावध ग्राहकाने यादी शब्दशः वाचली असती, तरी त्याला तेथे मिरची सापडलीच असती असे नाही. सरकारने नावांची यादी छापीपर्यंत त्याच्या हाती काही नव्हते. खाल्लेल्या पदार्थांतील प्रमाण अल्प असून धोका फार थोडा आहे, असे एजन्सीने त्याच वेळी सांगितले होते, हे येथे नमूद करणे न्यायाचे होईल. तथापि धोका थोडा होता हे लोकांचे भाग्य. तो टाळण्याचे साधन त्यांच्यापाशी नव्हते, हे त्यांचे दुर्भाग्य.

लाल रंगाच्या मोहाने मिरचीत विष मिसळण्याची ही रीत नवी नाही, आणि तिचा दोष एका देशाच्या माथी मारणेही योग्य नाही. फ्रेडरिक ॲकम या रसायनज्ञाने १८२० साली लंडनमध्ये अन्नातील भेसळीवर ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात तिखटात शेंदूर मिसळला जात असल्याची नोंद आहे. पुढे १८५० नंतरच्या काही वर्षांत डॉ. आर्थर हिल हॅसल यांनी ‘द लान्सेट’ या वैद्यकीय पत्रातून सूक्ष्मदर्शकाच्या साह्याने केलेले परीक्षण प्रसिद्ध केले, तेव्हाही शिसे आणि पारा यांच्या लाल क्षारांनी रंगविलेले तिखट लंडनच्या दुकानांत सापडले. त्यातूनच १८६० चा आणि नंतर १८७५ चा भेसळविरोधी कायदा जन्मास आला. दिसते तसे नसते, म्हणून जग फसते, ही म्हण लंडनलाही तितकीच लागू पडते. विक्रेता व्हिक्टोरिया राणीच्या काळातला असो वा आजचा, भारतातला असो वा इंग्लंडातला, मालाचा उगम व घटक झाकलेले असतील तेथे लोभाला वाट सापडते.

आता आजचा नियम काय आहे ते पाहू जाता असे दिसते की, २५ टक्क्यांची ती मुभा २००५ च्या अखेरीस गेली, ही सुधारणाच झाली. परंतु एक फट अद्याप उघडी आहे. पदार्थात मसाल्याच्या जिनसा वजनाच्या २ टक्क्यांपेक्षा अधिक नसतील, तर त्यांची वेगवेगळी नावे न देता ‘स्पाइसेस’ एवढा एकच शब्द छापण्यास मुभा आहे. युरोपीय संघाच्या २०११ च्या नियमावलीतील ही तरतूद संघातून बाहेर पडल्यानंतरही ब्रिटनमध्ये टिकून आहे. दोन टक्के म्हणजे फार थोडे असे वाटेल. म्हणून साधे गणित करावे. ४०० ग्रॅमच्या तयार जेवणात २ टक्के म्हणजे ८ ग्रॅम, आणि तिखटाच्या बाबतीत ८ ग्रॅम म्हणजे सुमारे तीन लहान चमचे. कोणताही कारखानदार एवढे सारे तिखटच घालील असे नव्हे. परंतु ज्याच्या तोंडाला चिमूटभर तिखटही सोसत नाही, त्याला या शब्दावरून काहीच बोध होत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ही मूठ मात्र खाणाऱ्यापासून झाकलेली आहे.

याच नियमावलीत मोहरीला निराळा न्याय आहे. ॲलर्जी उत्पन्न करणाऱ्या १४ घटकांची जी सूची आहे, तीत मोहरी, तीळ, सेलरी, शेंगदाणा इत्यादींचा समावेश होतो. त्यामुळे मोहरी चिमूटभर असली तरी तिचे नाव ठळकपणे द्यावेच लागते. या साध्या सक्तीचा उपयोग सप्टेंबर २०२४ मध्ये दिसून आला. भारतातून आलेल्या मोहरीच्या काही मालात शेंगदाण्याचा अंश मिसळल्याचे आढळले, तेव्हा शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्यांनी मोहरी असलेले पदार्थ टाळावेत, असे फूड स्टँडर्ड्स एजन्सीने सांगितले. ही सूचना पाळणे लोकांना शक्य झाले, कारण पाकिटावर मोहरीचे नाव होते. उद्या हाच प्रसंग तिखटाच्या बाबतीत ओढवला, तर ‘स्पाइसेस’ असे लिहिलेली पाकिटे हाती घेऊन लोकांनी काय करावे? २००५ चा धडा आणि २०२४ चा धडा शेजारी शेजारी ठेवले म्हणजे नावाचे मोल काय, हे निराळे सांगावयास नको.

हे नाव कोणाला हवे आहे, असाही प्रश्न विचारला जातो. त्यासाठी मिरचीचा स्वभाव थोडा समजून घ्यावा लागेल. मिरचीचा तिखटपणा हा खरे पाहता रुचीचा प्रकार नव्हे. तिच्यातील कॅप्सेसिन हे द्रव्य तोंडातील, घशातील आणि आतड्यातील ज्ञानतंतूंच्या त्याच ग्राहकांना चेतविते, ज्यांना उष्णतेची जाणीव होते. म्हणून मेंदूला भाजल्याचा संदेश जातो. हा शोध १९९७ साली लागला, आणि त्यासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चा नोबेल पुरस्कार विभागून मिळाला. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून मिरची झोंबल्यावर पाण्यापेक्षा दूध-दही बरे, हे आजीबाईंचे ज्ञान शास्त्रालाही मान्य आहे. निरोगी माणसाचा हा दाह काही वेळाने शमतो. परंतु ज्याला आम्लपित्ताचा अथवा संवेदनशील आतड्याचा विकार आहे, त्याला तोच त्रास रात्रभर पुरतो. शिवाय थोड्या लोकांना मिरचीची खरीखुरी ॲलर्जी असते. ती दाहाहून वेगळी. तीत शरीराची संरक्षक यंत्रणाच मिरचीतील प्रथिनांविरुद्ध उठते. अशा माणसाला पॅप्रिकासारखी बिनतिखट मिरचीही बाधू शकते, आणि जिभेला ती जाणवत नसल्यामुळे सावध होण्यास अवसरही मिळत नाही. अशा लोकांची संख्या थोडी आहे खरी. परंतु त्यांचे संरक्षण व्हावयाचे ते छापील अक्षरानेच.

दुसऱ्या टोकाला अति तिखट पदार्थांची चढाओढ आहे. शुद्ध कॅप्सेसिन अन्नात वेगळे मिसळण्यास येथे मनाई आहे. परंतु मिरचीतून अथवा तिच्या अर्कातून ते किती यावे याची कमाल मर्यादा कायद्याने घातलेली नाही. जून २०२४ मध्ये डेन्मार्कच्या अन्नखात्याने कोरियातून आलेल्या तीन प्रकारच्या अतितिखट शेवया बाजारातून परत घेण्यास सांगितल्या, आणि फेरविचारानंतर जुलैत त्यांपैकी दोन पुन्हा विकण्यास परवानगी दिली. मर्यादा कोठे घालावी याविषयी जाणत्यांतही अद्याप एकमत नाही, हेच यावरून दिसते. जेथे मर्यादा नाही तेथे निदान माहिती तरी पूर्ण असावी.

या मागणीवर घेतले जाणारे आक्षेप दुर्लक्ष करण्यासारखे नाहीत. कारखानदार म्हणतात, मसाल्याचे मिश्रण हे आमचे व्यापारी गुपित आहे. परंतु नाव सांगणे म्हणजे प्रमाण सांगणे नव्हे. मोहरीचे नाव छापल्याने कोणाचा कारखाना बुडाल्याचे ऐकिवात नाही. दुसरा आक्षेप असा की, वेष्टनावर आधीच अक्षरांची दाटी झाली आहे. त्यावर उत्तर एवढेच की, ‘चिली’ हा शब्द ‘स्पाइसेस’ या शब्दापेक्षा लांब नाही.

तिसरा आक्षेप परक्यांचा नसून घरचाच आहे, आणि तोच सर्वांत बळकट आहे. “पिढ्यान्‌पिढ्या मिरची खाणाऱ्यांना तिची भीती कसली?” असे समाजातील वडीलधारी मंडळी अभिमानाने म्हणतात. त्या अभिमानात काही गैर नाही. ज्या पूर्वजांनी मिठाभाताबरोबर मिरची खाऊन दिवस काढले, त्यांची ती मिळकत आहे. परंतु ती मिरची त्यांनी स्वतः लावलेली, स्वतः वाळवलेली आणि स्वतः कुटलेली होती. कोणाच्या हातची आहे हे ठाऊक नसलेली, कोणत्या वर्षीची आहे हे ठाऊक नसलेली आणि नावही नसलेली पूड पूर्वजांच्या नावावर खपविणे, हा पूर्वजांचा गौरव खचित नव्हे. शिवाय याच घराण्यांत आज आम्लपित्ताने गांजलेले आजोबा आहेत, लहानपणापासून बिनतिखट जेवणारी नातवंडे आहेत आणि निराळ्या समाजातून आलेल्या सुनाजावई आहेत. त्यांच्या पोटाची परीक्षा अभिमानाने पाहू नये.

दुसऱ्याकडे बोट दाखविताना स्वतःचे घरही पाहिले पाहिजे. उत्सवाच्या दिवशी मंडळाच्या सभागृहात महाप्रसाद शिजतो. तेथे तिखट, मोहरी, शेंगदाण्याचे कूट आणि काजू सढळ हाताने पडतात, आणि पंक्तीत बसलेल्याला त्यातले काहीही सांगितले जात नाही. समाजातीलच केटरर व दुकानदार मोठ्या पोत्यांतील तिखट लहान पिशव्यांत भरून देतात. त्या पिशवीवर पुष्कळदा भाव असतो, परंतु उगम नसतो. कायद्याकडून जी अपेक्षा करावयाची, ती आधी स्वतःच्या पंक्तीत पाळली तर तिला वजन येईल. प्रत्येक पातेल्यापुढे घटकांची एक लहानशी चिठ्ठी ठेवण्यास फारसा खर्च येत नाही. आणि हे काम शाळेत जाणारी मुलेमुली आनंदाने, मराठीत व इंग्रजीत, करू शकतील.

घरच्या खरेदीतही थोडा विवेक उपयोगी पडतो. अखंड वाळलेली मिरची घेऊन घरी कुटणे हा जुना मार्ग अद्याप चांगला आहे, कारण अखंड मिरचीत भेसळ करणे पुडीपेक्षा कठीण असते. मात्र तो सर्वस्वी निर्धोक मानू नये. नीट न वाळलेल्या अथवा ओल लागलेल्या मिरचीवर बुरशी धरते, आणि तिच्यापासून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष उत्पन्न होते. एक किलो मिरचीत त्याचे प्रमाण १० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक असू नये असा येथील नियम आहे. ते शिजवूनही पुरते नाहीसे होत नाही. इंग्लंडच्या दमट हवेत म्हणूनच मिरची घट्ट झाकणाच्या बरणीत व कोरड्या जागी ठेवावी, आणि बुरशीचा वास येताच निःशंकपणे टाकून द्यावी. संशयास्पद रंगाचे किंवा नावगाव नसलेले तिखट आढळल्यास स्थानिक कौन्सिलच्या ट्रेडिंग स्टँडर्ड्स अथवा अन्न-आरोग्य विभागास कळवावे. तक्रार करणे म्हणजे आपल्याच व्यापाऱ्याचा द्रोह, ही समजूत चुकीची आहे. प्रामाणिक व्यापाऱ्याचे नुकसान भेसळ करणाऱ्यामुळेच होत असते.

आणि अखेरची गोष्ट कायद्याची. वेष्टनावरील नियम बदलणे आता ब्रिटनच्याच हाती आहे. येथील मंत्री व पार्लमेंट यांनी मनात आणले तर ते होऊ शकते. या देशात मतदान करणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला आपल्या मतदारसंघातील खासदारास पत्र लिहिण्याचा अधिकार आहे. समाजाच्या संस्था संस्कृतीच्या रक्षणासाठी झटतात. अन्न हा त्या संस्कृतीचा मोठा भाग असेल, तर अन्नाविषयीचा हा लहानसा न्याय मागणे हेही संस्थांचेच काम ठरते. मागणी इतकीच असावी: पदार्थात मिरची असेल, मग ती तिखट असो वा गोडसर, अर्धा टक्का असो वा दोन टक्के, तर वेष्टनावर तिचे नाव असावे.

गिरमिटाच्या कागदांवर ज्यांची नावे वेडीवाकडी लिहिली गेली, किंवा केवळ क्रमांकाने ज्यांची नोंद झाली, त्यांच्या वंशजांना नावाचे मोल दुसऱ्या कोणी शिकवावयास नको. मिरचीने या समाजाला पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ साथ दिली आहे. तिचे नाव तिला मिळवून देण्यात खाणाऱ्यांचेही हित आहे आणि मिरचीचीही अब्रू आहे.